मधल्या पायऱ्यांचे काय?

डोक्याला मार लागलेल्या माणसाला आयसीयूत घेतले की बाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक पहिल्या रात्री एकच विचारतात: वाचेल ना? दोन-तीन दिवस निघाले की प्रश्न बदलतात. आम्हाला ओळखेल का? स्वतःच्या हाताने जेवेल का? पुन्हा कामावर जाईल का? पहिल्या प्रश्नाला उत्तरे दोनच. नंतरच्या प्रश्नांची उत्तरे एकाखाली एक लावता येतात: वरचे बरे, खालचे वाईट, आणि मध्ये बऱ्याच पायऱ्या. रुग्णाचे पुढे काय होईल याचे भाकीत करणारी सांख्यिकी मॉडेले आज भरपूर आहेत. पण त्या मॉडेलांची परीक्षा घेण्याचे शास्त्र पहिल्या प्रश्नावर पोसलेले आहे. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आला की तोही कसाबसा दोन उत्तरांत बसवायचा आणि जुन्याच फुटपट्टीने मोजायचा, अशी वहिवाट पडली आहे. हे पुस्तक त्या वहिवाटीची उलटतपासणी करते. प्रस्तावनेत मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे, मेंदूला झालेल्या इजेचे. या उदाहरणात पायऱ्या कशा ठरल्या, कोणी ठरवल्या आणि त्या मोडून टाकल्यावर काय हरवते, हे सगळे उघड्यावर दिसते.

१९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजण्याचे कोष्टक ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल या तीन गोष्टींचे गुण मिळवून ३ ते १५ असा आकडा आज जगभर काढतात. आपल्याकडच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत ‘जीसीएस किती?’ हा प्रश्न नाव-गावाइतक्याच सहजपणे विचारला जातो. हे मोजमाप रुग्ण दाखल होतानाचे. दुसऱ्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेनेट आणि मानसोपचारतज्ज्ञ मायकेल बाँड यांनी शेवटाकडचे मोजमाप दिले. त्याच्या पायऱ्या पाच. सर्वांत खाली मृत्यू. त्याच्या वर व्हेजिटेटिव्ह अवस्था, म्हणजे डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र चालते, पण भोवतालाची जाणीव असल्याचे कोणतेही लक्षण नाही. तिसरी पायरी गंभीर अपंगत्वाची: शुद्ध आहे, पण रोजच्या जगण्याला दुसरा माणूस लागतो. चौथी मध्यम अपंगत्वाची: पूर्वीसारखे राहिले नाही, तरी स्वतःचे स्वतः करता येते. पाचवी चांगल्या सुधारणेची.

हे कोष्टक टिकले, कारण ते माणसाच्या जगण्याकडे पाहते. सीटी स्कॅनवर डाग किती आणि रक्तस्राव केवढा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पुढे १९८१ मध्ये त्याच्या आठ पायऱ्या झाल्या आणि १९९८ मध्ये त्यासाठी ठरीव प्रश्नांची मुलाखत आली. त्या मुलाखतीतले प्रश्न अगदी घरगुती आहेत. घरी आठ तास एकटे राहता येते का? खरेदीला एकट्याने जाऊन पैशांचा हिशेब ठेवता येतो का? जवळपास एकट्याने प्रवास करता येतो का? टॅक्सीने गेले तरी चालेल, पण ती स्वतः फोन करून बोलावता आली पाहिजे आणि कुठे जायचे ते चालकाला सांगता आले पाहिजे. हे प्रश्न आपल्या घरांत नेऊन विचारायचे तर थोडी पंचाईत होते. एकत्र कुटुंबातल्या सासूबाई अपघाताआधीही घरात आठ तास एकट्या राहिलेल्या नसतात आणि पैशांचा व्यवहार कधी त्यांच्या हातात आलेलाच नसतो. म्हणून त्याच मुलाखतीत अपघातापूर्वीची स्थितीही विचारतात. ती नीट विचारली नाही, तर रीतीरिवाजाला अपंगत्व समजण्याची चूक होते. आणि अशी चूक झाली की पुढे मॉडेलची परीक्षा कितीही काटेकोर घेतली तरी तिचा उपयोग नाही, कारण उत्तरपत्रिकाच चुकीची आहे.

मेंदूच्या इजेसाठी दोन मॉडेले विशेष गाजली, दोन्ही २००८ सालची. ‘इम्पॅक्ट’ मॉडेल अकरा अभ्यासांतल्या ८,५०९ रुग्णांवर बांधले गेले. त्याच्या गाभ्यात तीनच गोष्टी आहेत: वय, हालचालीचे गुण आणि बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात की नाही. दुसरे ‘क्रॅश’. त्याचा पाया स्टिरॉइडच्या एका मोठ्या चाचणीत होता. डोक्याला मार लागल्यावर स्टिरॉइड देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दशकानुदशके चालू होती. १०,००८ रुग्णांच्या या चाचणीत दोन आठवड्यांतल्या मृत्यूंचे प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत २१.१ टक्के आणि न घेतलेल्यांत १७.९ टक्के निघाले. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि उपचार म्हणून दिले जाणारे औषध जीव घेते, हे कळले. त्याच रुग्णांच्या नोंदींतून पुढे भाकिताचे मॉडेल झाले. त्यातले बहुसंख्य रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असल्यामुळे श्रीमंत देशांसाठी एक आणि इतरांसाठी एक, अशी वेगळी सूत्रे करावी लागली.

या दोन्ही मॉडेलांनी सहा महिन्यांनंतरचे भाकीत करताना पाच पायऱ्यांचा जिना मध्ये कापला. मृत्यू, व्हेजिटेटिव्ह अवस्था आणि गंभीर अपंगत्व एका बाजूला, त्याला ‘प्रतिकूल’ म्हणायचे. मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा दुसऱ्या बाजूला, ते ‘अनुकूल’. व्यवहारासाठी हे सोयीचे आहे, पण या सोयीची किंमत पाहा. घरी परतलेला, मुलांना ओळखणारा, पण अंघोळीला मदत लागणारा माणूस आणि स्मशानात पोहोचलेला माणूस या हिशेबात एकाच खान्यात पडतात. दहावीच्या निकालातून टक्के, श्रेणी सगळे पुसून फक्त पास-नापास छापले तर जे होईल, तेच इथे होते. फरक इतकाच की इथे पुसलेले गुण घरच्यांना पुढे वर्षानुवर्षे भोगायचे असतात.

कापलेल्या निकालावर जी फुटपट्टी लावतात तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर उमटलेला ठिपका विमानाचा की नुसताच गोंधळ, हे ओळखण्याच्या खटपटीतून संकेत ओळखण्याचे गणित वाढले. त्यातूनच आरओसी वक्र आला. ली लस्टेड यांनी तो क्ष-किरणशास्त्रात आणला. १९८२ मध्ये जेम्स हॅनली आणि बार्बरा मॅकनील यांनी त्या वक्राखालच्या क्षेत्रफळाचा अर्थ डॉक्टरांना कळेल अशा भाषेत मांडला: एक आजारी आणि एक निरोगी माणूस चिठ्ठ्या टाकून निवडा, मॉडेलने आजाऱ्याला जास्त जोखीम दिली असण्याची संभाव्यता म्हणजे हे क्षेत्रफळ. १ म्हणजे कधीच न चुकणारे, ०.५ म्हणजे नाणेफेक. हेच गणित फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये आणि मान व व्हिटनी यांनी १९४७ मध्ये वेगळ्याच कामासाठी मांडून ठेवले होते. त्याच १९८२ साली फ्रँक हॅरेल आणि सहकाऱ्यांनी सी-निर्देशांक मांडला. सी-निर्देशांकही जोड्याच मोजतो, फक्त त्यातले निकाल दोनच असले पाहिजेत असे नाही.

जोड्या मोजण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तिला मॉडेलच्या पोटात काय आहे याची पर्वा नाही. समीकरण असो, यंत्रशिक्षणाचा खटाटोप असो किंवा एखाद्या अनुभवी सिस्टरचा अंदाज असो, प्रश्न एकच: या दोघांतला जो जास्त वाईट अवस्थेत गेला, त्याला तुम्ही आधी जास्त धोका सांगितला होता का? परीक्षक म्हणून तिच्यात एक सचोटी आहे. गोंधळ सुरू होतो तो कोणत्या जोड्या मोजायच्या, या प्रश्नापाशी.

समजा, शंभर रुग्ण आहेत. सहा महिन्यांनी ३० दगावले, २ व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, १८ गंभीर अपंग, २० मध्यम अपंग आणि ३० चांगले सुधारले. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, कोणत्याही रुग्णालयाचे नाहीत. आता जिना तिसऱ्या आणि चौथ्या पायरीमध्ये कापला, की ‘प्रतिकूल’ ५० आणि ‘अनुकूल’ ५०, म्हणजे २,५०० जोड्या. त्यांतल्या ९०० जोड्यांत एका बाजूला मृत माणूस आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण बरा झालेला. अशा जोड्या ओळखायला मॉडेल फारसे हुशार लागत नाही. ऐंशी वर्षांचे, दोन्ही बाहुल्या न हलणारे आजोबा आणि विशीतला बोलता-चालता तरुण यांच्यात कोणाचे वाईट होईल हे वॉर्डबॉयसुद्धा सांगेल. ज्या सीमारेषेवर कापले त्या सीमारेषेलगतच्या जोड्या, म्हणजे एक गंभीर अपंग आणि एक मध्यम अपंग अशा, फक्त ३६०. शंभरात चौदा. या ३६० जोड्यांत मॉडेल जेमतेम ०.६० मिळवत असेल, म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरे, तरी उरलेल्या २,१४० जोड्यांत सरासरी ०.८३ मिळाले की एकूण आकडा ०.८० होतो. शोधनिबंधात छापले जाते ते ०.८०. वाचणारा समजतो, परावलंबी आणि स्वावलंबी यांतला फरक हे मॉडेल चांगला ओळखते. मॉडेलने तसे काहीच सिद्ध केलेले नसते.

या पुस्तकातल्या गणिताचे सगळे सार या उदाहरणात आहे, म्हणून वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ते एकदा स्वतः करून पाहावे.

मग जिना न कापता सगळ्याच पायऱ्या ठेवल्या तर? त्यासाठी तीन वाटा चालून झाल्या आहेत. पहिली हॅरेलच्या सी-निर्देशांकाची: निकाल वेगळा असलेली प्रत्येक जोडी धरायची. आपल्या शंभरांत अशा ३,७३६ जोड्या होतात. त्यांतही मृत आणि पूर्ण बरे यांच्या ९०० आहेतच, सुमारे २४ टक्के. लगतच्या पायऱ्यांवरच्या जोड्या सगळ्या मिळून १,०५६, म्हणजे २८ टक्के. ज्या पायरीवर माणसे जास्त, तिचा आवाज मोठा. दोनच रुग्ण असलेली व्हेजिटेटिव्ह पायरी घ्या: तिच्या सगळ्या जोड्या मिळून १९६, पाच टक्क्यांच्या आसपास. ती पायरी मॉडेलने पूर्णपणे उलटसुलट केली तरी निर्देशांक फारसा हलणार नाही.

दुसरी वाट बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठाचे बेन व्हॅन काल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुचवली. त्यांचा क्रमवार सी-निर्देशांक आधी पायऱ्यांच्या जोड्या घेतो. पाच पायऱ्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येकीचा वेगळा सी काढायचा आणि दहांची साधी सरासरी घ्यायची. अर्थ सरळ आहे: दोन वेगळ्या पायऱ्या चिठ्ठ्या टाकून निवडा, प्रत्येकीवरचा एकेक रुग्ण घ्या, मॉडेल त्यांना बरोबर क्रमाने लावेल याची संभाव्यता किती? कोणत्या पायरीवर किती माणसे आहेत याने आकडा बदलत नाही. त्यामुळे दोन शहरांतल्या, वेगवेगळ्या प्रमाणात मृत्यू होणाऱ्या दोन रुग्णालयांची तुलना करणे सुकर होते, आणि लगतच्या जोड्यांना दहांपैकी चार वाटे मिळतात. मला ही वाट पहिलीपेक्षा पटते. पण तिच्यातली खोच लपवू नये. व्हेजिटेटिव्ह पायरीही दहांपैकी चार जोड्यांत येते, म्हणजे शंभरांतल्या दोन रुग्णांच्या हाती सरासरीचे ४० टक्के वजन जाते. दोघांपैकी एकाचा निकाल नोंदवताना चूक झाली, तर सगळा निर्देशांक डळमळतो. पहिल्या वाटेने त्या दोघांना जवळजवळ गप्प केले होते, दुसरीने त्यांच्या हातात ध्वनिक्षेपक दिला.

तिसरी वाट दिसायला रुबाबदार आहे. प्रत्येक पायरीवरचा एकेक असे पाच रुग्ण एकदम घ्या आणि मॉडेलने पाचही जण अचूक क्रमाने लावले तरच गुण द्या. याला वक्राऐवजी पृष्ठाखालचे घनफळ म्हणतात. पाच जणांचे १२० क्रम होऊ शकतात, म्हणून डोळे मिटून लावल्यास यश १२०त एकदा, सुमारे ०.००८. एखाद्या मॉडेलने ०.१० मिळवले तर ते नशिबाच्या बारापट झाले, पण डॉक्टरला ०.१० दिसल्यावर तो मॉडेल कचऱ्यात टाकेल. शिवाय तीन जण बरोबर आणि शेजारचे दोघे किंचित आलटून-पालटून, यालाही शून्य. पाचही जण पूर्ण उलटे, यालाही शून्य. पायऱ्यांना क्रम आहे म्हणून सुरुवात करायची आणि थोडी चूक व घोडचूक यांत फरकच करायचा नाही, हे मला पटलेले नाही. पुस्तकात या मापाला एक छोटे प्रकरण आहे, तेवढे पुरे.

या संदर्भात हवामानशास्त्रज्ञांचे ऋण मान्य केले पाहिजे. १९६९ मध्ये एडवर्ड एपस्टीन यांनी क्रमवार भाकितांसाठी गुणांकनाची अशी रीत दिली की भाकीत आणि वस्तुस्थिती यांत जितक्या जास्त पायऱ्यांचे अंतर, तितका दंड मोठा. पाऊस किरकोळ की मध्यम यात चुकणे वेगळे, आणि कोरड्या दिवसाचे भाकीत करून अतिवृष्टी होणे वेगळे. वैद्यकाला ही समज उशिरा आली. खरे तर उपचारांच्या चाचण्यांना ती मॉडेलांच्या आधी आली. पक्षाघातात मेंदूतली गुठळी नळीवाटे काढण्याचा फायदा दाखवणारी नेदरलँड्समधली ‘एमआर क्लीन’ ही ५०० रुग्णांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा मुख्य निकष अपंगत्वाच्या रँकिन मापाच्या सगळ्या पायऱ्यांवर मिळून रुग्ण किती सरकले, हाच होता. त्यामागचे समप्रमाणाचे मॉडेल पीटर मॅक्कलाघ यांनी १९८० मध्येच मांडले होते. उपचार तपासताना सगळा जिना चालतो आणि भाकीत तपासताना तोच जिना कापायचा, ही विसंगती अजून संपलेली नाही.

मॅक्कलाघ यांच्या मॉडेलबद्दल एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. त्यात असे गृहीत असते की वय वाढल्याने जिन्याच्या प्रत्येक सांध्यावर सारखाच धक्का बसतो: मृत्यूकडे ढकलणारा जोर आणि ‘चांगली सुधारणा’ हिरावून घेणारा जोर एकच. कधी हे ढोबळमानाने चालते, कधी नाही. चालत नसेल तर प्रत्येक पायरीची संभाव्यता वेगळी काढणारी मॉडेले वापरतात. पण मग प्रत्येक रुग्णामागे एका आकड्याऐवजी पाच आकडे येतात आणि दोघांना क्रमाने लावायचे तर पाचांचा एक करावा लागतो. तो करताना पायऱ्यांना १, २, ३, ४, ५ असे गुण देऊन सरासरी काढली, की आपण नकळत म्हणतो की मृत्यू ते व्हेजिटेटिव्ह हे अंतर मध्यम अपंगत्व ते चांगली सुधारणा या अंतराएवढेच आहे. असे म्हणण्याचा अधिकार संख्याशास्त्रज्ञाला कोणी दिला?

किंबहुना खालच्या दोन पायऱ्यांचा क्रम तरी नक्की आहे का? महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होत्या. त्यांच्या मेंदूची इजा अपघातातली नव्हती, पण प्रश्न तोच होता. त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळला. मात्र त्याच निकालात निष्क्रिय इच्छामरणाची वाट काही अटींवर मोकळी केली. अर्ज करणाऱ्यांच्या मनात मृत्यूची पायरी वर होती. वर्षानुवर्षे शानबाग यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांच्या मनात ती खाली होती. दोन्ही बाजू विचारी, दोन्ही कळवळ्याच्या. पक्षाघाताच्या काही चाचण्यांमध्ये शेवटच्या दोन पायऱ्या, म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळणे आणि मृत्यू, एकत्र करतात त्याचे कारण हेच. क्रम हा रक्तातल्या साखरेसारखा निसर्गाने दिलेला नसतो. तो माणसांनी ठरवलेला असतो, आणि तो कोणी ठरवला हे प्रत्येक शोधनिबंधाने एका वाक्यात लिहायला हवे.

क्रम ओळखण्याच्या या क्षमतेबद्दल, म्हणजे भेदक्षमतेबद्दल, एवढे बोलल्यावर तिच्या आंधळेपणाबद्दलही बोलणे भाग आहे. जोड्या मोजणारे कोणतेही माप फक्त क्रम पाहते. एखाद्या मॉडेलने सांगितलेली प्रत्येक जोखीम बरोबर निम्मी केली, म्हणजे ६० टक्क्यांची ३० आणि २० ची १०, तरी सी-निर्देशांक दशांशानेही बदलत नाही. नातेवाइकांना मात्र ६० आणि ३० यांत जमीन-अस्मानाचा फरक. सांगितलेले टक्के प्रत्यक्षात उतरतात का, याची तपासणी म्हणजे कॅलिब्रेशन. ते वेगळे तपासावे लागते, आणि पायऱ्या असतील तर प्रत्येक सांध्यावर. परदेशी रुग्णांवर बांधलेले मॉडेल आपल्याकडे आणले की बहुधा क्रम बराचसा टिकतो आणि टक्के घसरतात. तिथे हेलिकॉप्टरने तासाभरात पोहोचणारा रुग्ण इथे टेम्पोत, आधी तालुक्याच्या आणि मग जिल्ह्याच्या दवाखान्यात थांबत येतो. ‘क्रॅश’वाल्यांना दोन सूत्रे करावी लागली ती उगाच नव्हेत.

भेदक्षमतेचा आकडा रुग्णांच्या मिश्रणावरही अवलंबून असतो. ज्या गटात किरकोळ इजेपासून खोल बेशुद्धीपर्यंत सगळे रुग्ण आहेत, तिथे कोणतेही मॉडेल चमकते. फक्त खोल बेशुद्धीतलेच घेतले की तेच मॉडेल फिके पडते, कारण सगळेच एकमेकांसारखे. ‘इम्पॅक्ट’च्या अंतर्गत तपासणीत वक्राखालचे क्षेत्रफळ ०.६६ ते ०.८४ असे पसरले होते. त्या पसाऱ्यात मॉडेलचे गुण-दोष किती आणि रुग्णांची सरमिसळ किती, हे वेगळे केल्याशिवाय ‘अमुक मॉडेल सरस’ असे म्हणू नये. पदव्युत्तर प्रबंधांत हे वाक्य फार सैल हाताने लिहिलेले आढळते. दोन मॉडेलांचे सी ०.७९ आणि ०.८१, रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांतले, आणि निष्कर्षात दुसऱ्याच्या गळ्यात हार.

तर मग शहाण्याने काय छापावे? माझे मत स्पष्ट आहे. सरासरी छापायचीच तर क्रमवार सी-निर्देशांक छापा, पण त्याच्या शेजारी दहाही जोड्यांचा तक्ता द्या. प्रत्येक जोडीपुढे किती रुग्ण होते आणि अनिश्चिततेची मर्यादा किती, तेही लिहा. दहा ओळींचा तक्ता, पानाचा चतुर्थांशही अडत नाही. एखादी पायरी फारच विरळ असेल तर ती शेजारच्या पायरीत मिसळा, मात्र निकाल पाहण्याआधी ठरवून, आणि तसे सांगून. त्या तक्त्यात डॉक्टरच्या निर्णयाशी जिचा संबंध आहे ती जोडी शोधा. कवटीचा तुकडा काढून मेंदूवरचा दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करावी का, या निर्णयात मृत्यू आणि गंभीर अपंगत्व यांमधला फरक कळीचा. पुनर्वसन केंद्रातली मोजकी जागा कोणाला द्यावी, यात गंभीर आणि मध्यम यांमधला. एकच मॉडेल पहिल्या कामाला उत्तम आणि दुसऱ्याला निरुपयोगी असू शकते. एका आकड्यात ते दिसत नाही. संपादक एका आकड्याचा आग्रह धरतात हे मला ठाऊक आहे. धरू द्यावा, तक्ता पुरवणीत टाकावा.

आपल्याकडे या सगळ्याची खरी अडचण गणितापेक्षा नोंदींची आहे. २०१३ ते २०१५ या काळात मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यातल्या चार सार्वजनिक रुग्णालयांत ‘टिटको’ नावाच्या प्रकल्पाने अपघाती रुग्णांच्या नोंदी मोठ्या चिकाटीने गोळा केल्या. मुंबईतली केईएम आणि शीव ही दोन्ही रुग्णालये त्यात होती. अशा नोंदींतून मृत्यूबद्दल पुष्कळ कळते. पण रुग्णालयातली नोंद डिस्चार्जच्या कागदापाशी थांबते, आणि अपंगत्वाचा जिना सुरू होतो तो त्यानंतर. सहा महिन्यांनी कोण कोणत्या पायरीवर आहे हे पाहायचे तर सोलापूर, जव्हार किंवा उत्तर प्रदेशातल्या गावी परतलेल्या माणसाला गाठावे लागते. कागदावरचा मोबाइल नंबर बहुधा रुग्णालयात सोबत आलेल्या भाच्याचा असतो. जे सापडत नाहीत ते चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे हरवत नाहीत. जे पूर्ण बरे होऊन कामाला लागले आणि जे वारले, ते दोघेही फोनवर सापडणे कठीण. म्हणजे जिन्याची दोन्ही टोके झिजतात आणि मधल्या पायऱ्या फुगतात. मग त्यावर काढलेला सी-निर्देशांक कमी येतो, आणि दोष मॉडेलच्या माथी मारला जातो. याबद्दल पुस्तकातले सहावे प्रकरण आहे आणि मला विचाराल तर तेच सर्वांत आधी लिहायला हवे होते.

वाचनाच्या सोयीसाठी दोन शब्द. डॉक्टर वाचकाने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणातली सिद्धता सोडून दिली तरी चालेल; तिथली उदाहरणे मात्र सोडू नयेत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने उलट करावे: सिद्धता त्याला जमेलच, पण पहिल्या प्रकरणातली पायऱ्यांची वर्णने त्याने दोनदा वाचावीत आणि शक्य झाल्यास एखाद्या न्यूरोसर्जरी ओपीडीत एक सकाळ बसून यावे. केंडॉलचा टाऊ आणि सॉमर्सचा डी यांचे सी-निर्देशांकाशी नाते परिशिष्टात आहे. दोनच निकाल असतील तर सॉमर्सचा डी म्हणजे सीची दुप्पट वजा एक, एवढे लक्षात ठेवले की जुनी संगणकीय आउटपुटे वाचता येतात. आपल्या शंभर रुग्णांचा हिशेब चौथ्या प्रकरणात पुन्हा येतो, तेव्हा त्यांच्यात आणखी दोनशे जणांची भर पडलेली असेल आणि व्हेजिटेटिव्ह पायरीवर दोघांऐवजी सात जण असतील. सातांमुळे सरासरी किती स्थिरावते ते वाचकाने उत्तर पाहण्याआधी स्वतः अजमावून पाहावे.